पोलीस नसलेल्या चौकीचे अध्यक्ष

अध्यक्ष घरी एकटे जेवायला बसले तरी मधल्या पाटावर बसत. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून तीन पाट मांडलेले असत. मुलगे मुंबईला गेल्यापासून उजव्या आणि डाव्या पाटावर कोणी बसलेलं मी पाहिलं नाही, पण ते पाट उचलायची वहिनींना परवानगी नव्हती. मध्यभागी बसायचं तर दोन्ही बाजूंना काहीतरी हवं, माणूस नसेल तर निदान लाकूड तरी, असा त्यांचा हिशेब असावा. वहिनी एकदा मला ताक वाढताना म्हणाल्या, "गुरुजी, आमचे हे घरात असले तरी दौऱ्यावरच असतात."

कशाचे अध्यक्ष, हे आमच्या नाक्यावर कोणी विचारत नसे. मुंबईत एका सरकारी कचेरीत त्यांनी उभी नोकरी आवक-जावक लिहिण्यात काढली होती. निवृत्त होऊन आले ते मात्र राज्य चालवून आल्यासारखे आले. आल्याआल्या ते क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले, मग उत्सव समितीचे, मग एका पतपेढीचे, जी कधी उघडलीच नाही. पतपेढी बारगळली आणि पद तेवढं राहिलं. शेवटी त्यांना आयुष्यभर पुरेल असं एक काम सापडलं. त्यांनी पोलीस चौकी कृती समिती स्थापन केली. मी शाळेत मराठी शिकवत होतो आणि माझं अक्षर बरं होतं, एवढ्या अपराधावरून मला चिटणीस केलं.

महाडहून वरंध्याच्या घाटाकडे जाताना, शिवथरचा फाटा फुटण्याच्या अलीकडे आमचा नाका. चहाची दोन दुकानं, पिठाची गिरणी, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र. घाट चढण्याआधी ट्रक इथे थांबत, त्यामुळे दारूच्या झोपड्या रस्त्याच्या मागे वाढल्या. चोऱ्या होत, मारामाऱ्या होत. ठाणं महाडला. अंतरच असं की भांडण मिटून मंडळी एकमेकांच्या गळ्यात पडली की मग गाडी यायची. पोलिसांची गरज खरी होती, हे मी आधीच सांगून ठेवतो. अध्यक्षांनी ती शोधून काढलेली नव्हती. ते फक्त तिच्या मधोमध जाऊन बसले.

ती गरज सगळ्यांत जास्त कोणाला होती तर कांबळे सिस्टरांना. उपकेंद्राला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये त्या एकट्या राहत. नवरा महाडला कारखान्यात पाळीवर, मुलगी आजीकडे शाळेला. आसपासच्या वाड्यांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती. रात्री दारू पिऊन डोकी फोडलेले लोक पट्टी बांधायला त्यांच्याकडे येत आणि पट्टी बांधून झाली की उठायचं नाव घेत नसत. कोणी स्पिरिटची बाटली मागे, कोणी नुसतंच दाराशी बसून राही. समितीच्या पहिल्याच बैठकीत सिस्टर म्हणाल्या, "दर उन्हाळ्यात बदल्यांचे अर्ज मागवतात. मी अजून दिलेला नाही. इथे एक पोलीस बसवा, मी कधीच देणार नाही. नाही बसला, तर मात्र मला माझ्या मुलीचा विचार करायला लागेल."

इतकं सरळ बोलणं आमच्या नाक्यावर फार कमी ऐकू यायचं. अध्यक्षांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सिस्टरांना समितीवर महिला प्रतिनिधी म्हणून घेतलं. प्रश्न मांडणाऱ्याला पद दिलं की प्रश्न सुटला, अशी त्यांची समजूत होती. स्वतःच्या बाबतीत ती खरीही ठरली होती.

चौकीसाठी जागा त्यांनी स्वतःची दिली. हे औदार्य नाकारता येणार नाही, आणि त्यांनी कोणाला ते विसरूही दिलं नाही. अट एकच होती, चौकीला त्यांच्या वडिलांचं नाव द्यायचं. वडील आयुष्यभर गावठी दारू गाळत आणि दोनदा आत जाऊन आलेले. त्यामुळे पोलिसांशी त्या घराण्याचा संबंध जुनाच होता, असं आमचा जीपवाला इस्माईलभाई म्हणे. श्रमदानातून पाया झाला, वर्गणीतून भिंती आल्या, आणि नावाची पाटी छप्पर पडायच्या आधी लागली.

खोली झाली. पोलीस नव्हता. इथून पुढे अध्यक्षांचं खरं कर्तृत्व सुरू झालं. पोलीस ठेवायचा म्हणजे पद मंजूर व्हायला हवं आणि त्याच्या पगाराची तरतूद हवी. त्यासाठी एक खातं दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवी, दुसरं पहिल्याकडे. भिंतींचं तसं नव्हतं. डोंगरी भागाच्या योजनेतून भिंतीला अनुदान मिळे, पर्यटनाच्या योजनेतून मिळे, कारण शिवथरच्या घळीला जाणारे लोक आमच्यावरूनच जात. बांधकामाला पैसा होता, माणसाला नव्हता. दुसरा कोणी असता तर वैतागून थांबला असता. अध्यक्षांनी मिळेल ते घेतलं. एका वर्षी चौकीला दुसरी खोली आली. पुढच्या वर्षी व्हरांडा. मग झेंड्याचा ओटा, मग सिमेंटची बाकं, मग पाण्याची टाकी. पोलीस नसलेली इतकी सुसज्ज चौकी साऱ्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांत दुसरी नसावी. दुपारी तिथे शेळ्या बसत. बाकांवर दारुडे झोपत, आणि सिस्टरांच्या क्वार्टरपासून ती बाकं हाकेच्या अंतरावर होती.

"अध्यक्ष," इस्माईलभाई म्हणायचा, "हे तुम्ही त्या बेवड्यांसाठी विश्रामगृह बांधलंत. आता एक वेटर तेवढा मंजूर करून आणा."

अध्यक्ष रागवत नसत. माणूस रागवायचा तर समोरच्याचं बोलणं आधी ऐकावं लागतं. ते खिशातला रुमाल काढून बाक पुसत, मधोमध बसत आणि म्हणत, "वरून सुटलंय. फक्त खाली यायचंय."

हे त्यांचं आवडतं वाक्य. मुंबईहून परत आले की एस.टी.तून उतरता उतरताच ते म्हणत. आम्ही काही वर्षं ते ऐकलं. एकदा चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर इस्माईलभाईने विचारलं, "अध्यक्ष, घाटात वरून सुटलेला धोंडापण एव्हाना खाली येऊन थंड झाला असता. तुमचं काय सुटलंय ते कुठं अडकलंय ते तरी सांगा." दुकान हसलं. अध्यक्षही हसले, आणि त्या हसण्याला त्यांनी लोकांचा पाठिंबा समजून मान डोलावली.

शिष्टमंडळ नेणं हा त्यांचा प्राण होता. मुंबईला जायचं ठरलं की आधी शाल, नारळ आणि गुच्छ यांची व्यवस्था होई. निवेदन मी आदल्या संध्याकाळी लिहायचो, कारण त्याची तितकी घाई नसे. कोणाला भेटायचं याच्याइतकंच फोटोत कोण कुठे उभं राहणार हेही घरून ठरवलेलं असे. सत्काराबद्दल त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते त्यांनी मला अनेकदा समजावून दिलं. "गुरुजी, तुम्ही कागदावर विश्वास ठेवता. कागद काय, रोज शेकड्यानं येतात. शाल घेतलेला माणूस नाही म्हणत नाही. मी चाळीस वर्षं बघितलंय." त्यांनी चाळीस वर्षं फक्त टपालावर शिक्के मारलेले बघितले होते, पण खिडकीतून दिसणारं सगळं जग आपण चालवलं असं काही माणसांना मनापासून वाटतं.

एकदा सिस्टर आमच्याबरोबर आल्या. रजा टाकून, स्वतःचा डबा घेऊन. राज्यमंत्र्यांच्या दालनाबाहेर बराच वेळ ताटकळून आम्ही आत गेलो. मंत्री कागदावर सह्या करत होते. सिस्टरांचा पांढरा गणवेश बघून त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तुम्हाला काय त्रास होतो, बाई?"

सिस्टर म्हणाल्या, "साहेब, रात्री दार वाजलं की मला कळत नाही, बाळंतपणाला बोलवायला आलेत की पिऊन आलेत. दोघांनाही दार तर उघडायलाच लागतं."

मंत्र्यांनी पेन खाली ठेवलं. इतक्या खेपांत मी मंत्र्याला पेन खाली ठेवताना पहिल्यांदाच पाहिलं. ते म्हणाले, "मग?"

त्या 'मग'ला सिस्टर उत्तर देणार, तेवढ्यात अध्यक्ष पुढे झाले. "सिस्टर भावनाप्रधान आहेत, साहेब. आधी आपला सत्कार." शाल उलगडली गेली. फोटोवाल्याने सगळ्यांना उजवीकडे सरकवलं. सिस्टर त्या सरकण्यात दाराजवळ गेल्या. दुसरं शिष्टमंडळ दारात आलंच होतं, त्यांच्या हातातही गुच्छ होते. बाहेर आल्यावर अध्यक्षांचा चेहरा उजळला होता. "साहेबांनी आपल्याला किती वेळ दिला, बघितलंत?" सिस्टरांनी जिन्यातच डबा उघडला आणि एक भाकरी मला दिली. त्या दिवशी त्या माणसाचा मला इतका तिटकारा आला होता की भाकरी गिळेना, आणि त्याला तर भूकही चांगली लागली होती. त्याने आमच्या दोघांच्या मध्ये बसून वाटणीची तिसरी भाकरी खाल्ली.

तरीही त्या 'मग'चा काही परिणाम झाला असावा. पुढच्या हिवाळ्यात बातमी आली की दोन्ही तालुके मिळून एका चौकीसाठी माणसं देण्याचा विचार चालला आहे. एकच चौकी. आमची, नाही तर पोलादपूरकडे उमरठच्या बाजूची. त्यांचीही मागणी जुनी होती आणि गरजही आमच्याइतकीच खरी. उन्हाळा लागता लागता अध्यक्ष एस.टी.डी. बूथवर मुंबईशी बोलून आले ते धापा टाकतच. मंत्री महाडला एका लग्नाला येणार होते. उमरठकडचे लोक त्यांना भेटून निवेदन देणार होते.

"आपण काय देणार?" मी विचारलं.

"आपण आभार मानणार."

मला वाटलं, धावपळीत शब्द चुकला. पण त्यांनी कापडी फलकाचा मजकूरच माझ्यासमोर ठेवला. आमच्या चौकीस कर्मचारी मंजूर केल्याबद्दल मंत्रिमहोदयांचा जाहीर सत्कार.

"अहो, मंजूर कुठे झालंय अजून?"

"होईल हो. त्यासाठीच तर आधी आभार मानायचे. एवढ्या लोकांत आभार घेतलेला माणूस मागे फिरेल का? उमरठवाले मागत बसतील, आणि आपण घेऊन मोकळे झालेलो असू."

मी वाद घातला नाही असं नाही. समितीतले बाकीचे त्यांच्या बाजूने गेले. आमच्याकडे आभार मानायला सगळे तयार असतात, मागायला संकोचतात. महाडमध्ये हॉल घेतला. मंत्री आले, त्यांच्याबरोबर खात्याचे एक कक्ष अधिकारी आले, त्यांनाही शाल मिळाली. मंत्र्यांना आपण काय मंजूर केलं हे बहुधा आठवत नव्हतं, पण सत्काराला नाही म्हणण्याइतका उद्धट मंत्री अजून जन्माला यायचा आहे. गुच्छ द्यायला सिस्टरांना उभं केलं होतं. व्यासपीठावरून उतरताना त्यांनी अध्यक्षांना विचारलं, "नक्की येतायत ना? कारण बदलीच्या अर्जाची मुदत या आठवड्यात संपते."

अध्यक्ष म्हणाले, "सिस्टर, आलेच म्हणून समजा."

सिस्टरांनी त्या वर्षी अर्ज दिला नाही.

पावसाळा तोंडावर आला तरी कोणी आलं नाही. अध्यक्ष आणि मी मुंबईला गेलो. तेच कक्ष अधिकारी भेटले. त्यांनी आम्हाला ओळखलं, चहा मागवला. अध्यक्षांनी विचारलं, आमची माणसं कधी येणार?

अधिकारी गोंधळले. "म्हणजे? तुमच्याकडे आली ना?"

"नाही."

"असं कसं? मी स्वतः होतो हॉलमध्ये. मलासुद्धा शाल दिलीत तुम्ही, माझी आई वापरते ती. साहेब गाडीत मला म्हणाले, यांचं झालंय वाटतं, जिल्ह्यातूनच कोणी तजवीज केली असेल. मग आम्ही ती पदं दुसऱ्यांना दिली."

"उमरठवाल्यांना?"

"हो. ते अजून मागत होते ना."

मी अध्यक्षांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, आता हा माणूस मान खाली घालेल. आम्ही जिना उतरलो, रस्ता ओलांडला, बस स्टॉपवर उभे राहिलो. मग ते म्हणाले, "एक मात्र मानलं पाहिजे, गुरुजी. शाल त्यांनी लक्षात ठेवली."

भ्रष्ट माणसाचं एक बरं असतं, त्याला निदान काय हवं ते कळतं आणि ते मिळाल्यावर तो थांबतो. अध्यक्षांनी आयुष्यात कोणाचा पैसा खाल्ला नाही. एस.टी.चं तिकीटसुद्धा स्वतःच्या पेन्शनमधून काढत. सह्या गोळा करायला भर उन्हात वाड्यावाड्यांतून चालत. हे सगळं मला मान्य आहे, आणि ते गेल्यानंतर शोकसभेत मी ते बोललोही. पण त्या चालण्यामागे चौकी नव्हती, पोलीस नव्हता, सिस्टर तर नव्हत्याच. त्यांना फक्त दालनाचं दार उघडायला हवं होतं आणि आत जाताना कोणीतरी त्यांना 'या अध्यक्ष' म्हणायला हवं होतं. बाकीचं जग हे त्या दाराकडे जायचा रस्ता होता.

त्या पावसाळ्यात सिस्टरांच्या क्वार्टरचं दार फुटलं. त्या एका वाडीवर बाळंतपणाला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. औषधांचं कपाट उलटं पडलेलं, मुलीचा फोटो चिखलात. सकाळी अध्यक्ष पाहणी करायला आले. होय, पाहणीच, हाच शब्द त्यांनी वापरला. ते म्हणाले, "या घटनेचा आपण निषेध नोंदवू." सिस्टर काचा गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "नोंदवा. तेवढा झाडू सरकवा इकडे." अध्यक्षांनी झाडू सरकवण्यासाठी आजूबाजूला कोणी आहे का ते बघितलं. शेवटी मीच सरकवला.

पुढच्या उन्हाळ्यात सिस्टरांची बदली झाली. त्याच सुमारास चौकीला आणखी एक अनुदान आलं, प्रवेशद्वारासाठी. कमान उभी राहिली, तिच्यावर अध्यक्षांच्या वडिलांचं नाव दुसऱ्यांदा लागलं, आणि उद्घाटनाला मंत्री यायचे ठरले. सिस्टरांना नव्या ठिकाणी सोमवारी हजर व्हायचं होतं. उद्घाटन शनिवारी. अध्यक्षांनी त्यांना निरोप पाठवला की कार्यक्रमातच तुमचाही निरोप समारंभ उरकून घेऊ, व्यासपीठ तयारच आहे. सिस्टरांनी कळवलं की सामान बांधून झालं आहे.

मी त्यांना महाडपर्यंत सोडायला निघालो. ट्रंक, गादीची वळकटी, स्टोव्ह एवढंच सामान. इस्माईलभाईची जीप त्या दिवशी सत्काराच्या खुर्च्या वाहत होती, म्हणून आम्ही एस.टी. धरली. बस नाक्यावरून सुटली आणि लगेच थांबली. मंत्र्यांचा ताफा यायचा होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना पोलीस उभे होते. काठ्या, शिट्ट्या, दोन गाड्या, एक फौजदार. चौकीच्या व्हरांड्यात पोलीस, बाकांवर पोलीस, टाकीवर पाणी पिणारे पोलीस. दारूच्या झोपड्या बंद. आमच्या नाक्याने इतकी शांतता कधी पाहिली नव्हती.

अध्यक्षांनी आम्हाला खिडकीत पाहिलं. कोट, छातीला बिल्ला, कपाळावर घाम. ते गर्दीतून वाट काढत बसपाशी आले.

"सिस्टर, आजच्या दिवशी कसल्या जाता? खाली उतरा आणि बघा तरी, बंदोबस्त किती आहे!"

सिस्टर खिडकीवर हात ठेवून म्हणाल्या, "बघितलं की. एवढ्यांतला एक ठेवून घ्या, अध्यक्ष."

त्या चेष्टेने बोलल्या नव्हत्या. अध्यक्षांनी मागे वळून पाहिलं. व्हरांड्याकडे, बाकांकडे, रस्त्याकडे. एकेका पोलिसावर त्यांची नजर थांबत होती, जणू ते आत्ताच कुठून तरी आले होते. तोंड किंचित उघडं राहिलं. ते काही बोलणार होते, आणि मी खरंच कान देऊन ऐकत होतो. इतकी वर्षं त्यांचं ऐकताना मला असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात स्पीकरवरून पुकारा झाला, की अध्यक्ष महोदयांनी व्यासपीठावर यावं, पाहुणे येऊन पोचत आहेत.

ते गेले. जाताना कोट खाली ओढला, बिल्ला सरळ केला.

ताफा धुरळा उडवत आत वळला आणि शिट्टी वाजल्यावर आमची बस सुटली. पुढच्या वळणापर्यंत स्पीकरचा आवाज येत होता. अध्यक्ष बोलायला उभे राहिले होते. नाक्यावरच्या माता-भगिनी आता निर्धास्त झोपू शकतील, असं काहीतरी होतं. सिस्टरांनी खिडकीची काच ओढून घेतली, आणि ट्रंक हलू नये म्हणून तिच्यावर पाय ठेवला.